बिनघोऱ्याच्या कमरेचे खडे

फार पूर्वीची गोष्ट. नदीकाठी एक वाडी होती. घरं मोजकीच, शेणाने सारवलेली, आणि कुलूप नावाची वस्तू त्या वाडीत कोणी पाहिलेली नव्हती. चोर नव्हते म्हणून कुलपं नव्हती की कुलपं नव्हती म्हणून चोरांना मजा वाटत नव्हती, ते मला माहीत नाही. पण कुलपाच्या जागी त्या लोकांकडे एक शब्द होता. तो शब्द म्हणजे बिनघोर.

घोर म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक आहेच. मूल वेळेवर घरी आलं नाही की आईच्या जिवाला लागतो तो घोर. आणि ज्याला असा काही घोर नाही तो बिनघोर. अर्थ सोपा आहे. पण वाडीतली माणसं हा शब्द जरा वेगळ्या तऱ्हेने वापरत. ‘मी बिनघोर आहे’ असं तिथे कोणी म्हणत नसे. तिथे म्हणायचे, ‘तुम्ही बिनघोर जा.’

त्याची रीत अशी होती. कोणाला परगावी जायचं असलं की तो नदीतला एक खडा उचलून शेजाऱ्याकडे जायचा. खडा त्याच्या तळहातावर ठेवायचा आणि आपला घोर सांगायचा. “म्हशीला संध्याकाळी पाणी दाखवा.” “आमच्या म्हातारीला काढा घ्यायची आठवण करा.” शेजारी तो खडा कमरेच्या गाठीत बांधायचा आणि म्हणायचा, “बिनघोर जा.” झालं. जाणारा मागे वळून न बघता चालू लागायचा. परत आला की आपला खडा मागून घ्यायचा आणि नदीत टाकून द्यायचा.

खडा टोकदार निवडायचा, अशीही रीत होती. म्हणजे तो बांधणारा माणूस झोपायला आडवा झाला की खडा कमरेला टोचायचा आणि म्हशीचं पाणी आठवायचं. आणि एका कमरेला एकच खडा, हा नियम तर वाडीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ होता.

आता याच वाडीत एक तरुण राहायचा. त्याचं खरं नाव रंगनाथ, पण बारशानंतर ते नाव वापरायची वेळ त्याच्या आईवरही फारशी आली नाही. सगळे त्याला बिनघोऱ्या म्हणत. तो टोपल्या विणायचा. मन लागलं तर इतकी सुबक टोपली विणायचा, की बघत राहावं. मन उडालं की अर्धवट टाकून नदीत डुंबायला जायचा. त्याच्याकडून टोपली घेताना लोक आधी ती उलटी करून तिला बूड आहे ना, ते बघून घेत.

कोणी काही सांगायला गेलं की त्याचं एकच उत्तर असे. “त्यात काय एवढं?” घराचं छप्पर गळू लागलं, तर तो खाट सरकवायचा. दुसरीकडे गळू लागलं, तर पुन्हा सरकवायचा. एका पावसाळ्यात त्याच्या खाटेने घराची प्रदक्षिणा पुरी केली.

पण माणूस गोड होता हो. तो जिथे बसेल तिथे हसू फुटायचं. रडकं पोर त्याच्या खांद्यावर गप्प व्हायचं. वाडीचा त्याच्यावर जीव होता. फक्त एक गोष्ट होती. आजवर त्याच्या हातावर कोणी खडा ठेवला नव्हता. आणि हे त्याच्या कधी ध्यानातही आलं नव्हतं.

त्याच्या शेजारच्या घरात ठकूमावशी राहायची. ती बिनघोऱ्याच्या अगदी उलट होती. देवाने घोर वाटताना बिनघोऱ्याचा वाटाही चुकून हिच्याच पदरात घातला असावा. आभाळात ढग आला तर पाऊस पडेल म्हणून तिला घोर, आणि ढग नाही आला तर पाऊस पडणार नाही म्हणून घोर. बिनघोऱ्याकडे कोणी खडा दिला नव्हता आणि ठकूमावशीने कोणाला खडा दिला नव्हता. ती म्हणायची, “माझा जीव दुसऱ्याच्या कमरेला कशी टांगू?”

तिला हसू नका. तिच्या घोराला कारण होतं. तिचा नवरा कधीच गेला होता. एक लेक होती, ती नदीपलीकडच्या गावात दिलेली. घरात उरली ती ढवळी गाय. ढवळी दोनदा व्याली आणि दोन्ही वेळा वासरू दगावलं. एकदा मावशी शेतात गेली होती, एकदा बाजाराला. एकटी असली की ढवळी घाबरायची. कळा आल्या की उठायची, धडपडायची, भिंतीला अंग आपटायची. तेव्हापासून मावशीने वाडीची वेस ओलांडली नव्हती. लेकीच्या डोहाळजेवणालासुद्धा ती गेली नाही.

आता लेकीला मुलगी झाली होती. लेकीने निरोप धाडला होता. “आई, बारसं जत्रेच्या दिवशी आहे. तू आली नाहीस तर मी बाळाचं नाव ठेवणारच नाही. मोठी झाली तरी तिला ‘ए’ म्हणूनच हाक मारीन.”

मावशी निरोप ऐकून हसली आणि मग रडली. कारण ढवळीचे दिवस भरत आले होते.

जत्रा म्हणजे पलीकडच्या गावच्या देवीची, चैत्रातली. दरवर्षी निम्मी वाडी जत्रेला जायची आणि निम्मी मागे राहायची. एका कमरेला एकच खडा म्हटल्यावर दुसरं काय होणार? पण त्या वर्षी बातमी आली, की जत्रेत आकाशपाळणा येणार आहे. वर गेला की म्हणे देवळाचा कळस आपल्या पायाखाली दिसतो. झालं, कोणीच मागे राहायला तयार होईना. सुतारीणकाकू म्हणाल्या, “मागच्या वर्षी मी राहिले होते.” त्यांच्या जावा म्हणाल्या, “त्याच्या मागच्या वर्षी आम्ही.” वाडीतले थोरले आजोबा, ज्यांना दहा पावलं चालली की दम लागायचा, ते म्हणाले, “मी आता किती जत्रा बघणार? मला पाळण्यात बसायचंय.”

पारावर भांडण जुंपलं. तेवढ्यात बिनघोऱ्या डोकं पुसत नदीवरून आला. त्याने भांडण ऐकलं आणि तो हसला. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

“त्यात काय एवढं? सगळे जा की. मी राहतो. आणा ते खडे इकडे.”

थोरले आजोबा म्हणाले, “अरे, एका कमरेला एकच खडा.”

“आजोबा, माझी कमर चांगली रुंद आहे.”

लोक हसले. खरं म्हणजे त्यांनी तेव्हा हसायला नको होतं. पण प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे आकाशपाळणा गरगर फिरत होता. सुतारीणकाकूंनी पहिला खडा दिला. “अंगणात पापड वाळत घालून जाते. कावळे हाकल बाबा.” आजोबांनी दुसरा दिला. “कोंबडी अंड्यांवर बसलीय. मांजराला तिकडे फिरकू देऊ नकोस.” मग रांगच लागली. कोणाच्या शेळ्या, कोणाची तुळस, कोणाची उन्हात ठेवायची लोणच्याची बरणी. बिनघोऱ्या प्रत्येक खडा उपरण्यात टाकत होता आणि म्हणत होता, “बिनघोर जा. बिनघोर जा.” आठवा-नववा खडा आला तोवर कोणता कोणाचा, हे त्याचं त्यालाच कळेनासं झालं होतं.

सगळ्यांत शेवटी ठकूमावशी आली. हातात एक तांबडा खडा घट्ट धरलेला. तळव्यावर त्याचा लाल वळ उठला होता.

“बाळा, ढवळीला आज काही होणार नाही, असं मला वाटतं. पण झालंच, तर तिला एकटं सोडू नकोस. काही करावं लागत नाही रे. नुसतं जवळ बसायचं. पाठीवर हात ठेवायचा. माणूस जवळ आहे एवढं तिला कळलं पाहिजे.”

“बसतो की. बिनघोर जा, मावशी.”

ती दहा पावलं गेली आणि परत आली. “पाठीवर, हं. डोक्यावर हात ठेवलेला तिला आवडत नाही.”

“पाठीवर. बिनघोर जा.”

ती नावेपर्यंत गेली आणि पुन्हा आली. नुसतं त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

“मावशी,” तो म्हणाला, “बिनघोर जा.”

मग ती गेली. नाव सुटली, लोकांची गाणी पाण्यावरून दूर दूर गेली, आणि वाडीत बिनघोऱ्या एकटा उरला.

त्याने उपरण्याची गाठ कमरेला बांधली. खड्यांचं चांगलं गाठोडंच झालं होतं. मग त्याने मोठ्या रुबाबात वाडीतून एक फेरी मारली. कोंबडी अंड्यांवर होती. पापड अंगणात होते. ढवळी डोळे अर्धे मिटून रवंथ करत होती. सगळं जिथल्या तिथे. “बघा,” तो स्वतःशीच म्हणाला, “उगीच लोक जिवाला घोर लावून घेतात.” आणि आंब्याखाली पसरला.

डाव्या कुशीवर वळला तर खडे टोचले. उजवीकडे वळला तर टोचले. पालथा झोपला तर पोटात रुतले. शेवटी त्याने गाठोडं सोडलं, त्याचीच उशी केली आणि डोळा लागला.

जागा झाला तेव्हा ऊन कललं होतं. सुतारीणकाकूंच्या अंगणात कावळ्यांची वेगळीच जत्रा भरली होती. एक कावळा तर सबंध पापड चोचीत धरून कौलावर बसला होता. बिनघोऱ्याने त्याला हाकलायला हात उचलला, पण खाली मोडक्या पापडांचा नुसता चुरा पडलेला दिसला. “त्यात काय एवढं?” तो म्हणाला. पण म्हणताना आवाज जरा बारीक निघाला.

तेवढ्यात नदीपलीकडून ढोल ऐकू आले.

मुलांनो, तुम्ही जत्रेचे ढोल ऐकले असतील तर मी काय सांगतो ते तुम्हाला कळेल. ते कानांनी ऐकू येत नाहीत, पायांनी ऐकू येतात. बिनघोऱ्याचे पाय आपोआप ताल धरू लागले. तो मनाशी म्हणाला, जावं आणि एक गिरकी घेऊन परत यावं. अंधार पडायच्या आत येतो. गर्दीत कोणाला कळतंय? गाठोडं इथे कुठे ठेवावं, म्हणून त्याने ते कमरेला बांधलं आणि मागच्या बाजूला सरकवलं, म्हणजे चालताना टोचणार नाही. मावशीच्या गोठ्यावरून जाताना ढवळी हंबरली. एरवीपेक्षा जरा लांब हंबरली. बिनघोऱ्या थबकला. मग ढोल पुन्हा वाजले.

“आलोच हं, ढवळे,” म्हणत तो घाटावर पळाला.

वरच्या गावाहून आलेली नाव नुकतीच लागली होती. एक बाई मांडीवर मूल घेऊन बसली होती, बाकी नाव रिकामीच होती. बिनघोऱ्याने उडी मारून बैठक मारली, ती नेमकी खड्यांच्या गाठोड्यावर. तो कळवळून उठला, सरकला, पुन्हा बसला. नावाड्याने वल्हं मारलं आणि नाव काठापासून सुटली.

बिनघोऱ्याचं लक्ष मांडीवरच्या मुलाकडे गेलं. मूल गाढ झोपलं होतं. तोंड उघडं, मूठ सैल, एक पाय हवेत. नाव हलत होती, ढोल वाजत होते, पण त्याला कशाचं काही नव्हतं.

“वा,” तो म्हणाला, “काय बिनघोर झोपलंय! अगदी माझ्यासारखं.”

बाई हसली. “झोपेल नाही तर काय करेल? माझा हात बघा ना. घरापासून त्याच्या मानेखाली आहे. बधीर होऊन लाकूड झालाय नुसता.”

“मग काढून घ्या की.”

“काढला तर ते जागं होईल हो,” बाई म्हणाली आणि तिने मुलाच्या तोंडावरची माशी दुसऱ्या हाताने हाकलली.

बिनघोऱ्या त्या बधीर हाताकडे बघत राहिला. हात हलत नव्हता, म्हणून मूल झोपलं होतं. एवढी साधी गोष्ट, पण ती त्याच्या डोक्यात आजवर शिरली नव्हती. त्याला एकदम ठकूमावशी आठवली. या क्षणी ती लेकीच्या घरी पाळण्याची दोरी धरून बसली असेल. आयुष्यात पहिल्यांदा हसत, गप्पा मारत, मागे वळून न बघता बसली असेल. कशाच्या जोरावर? तर बिनघोऱ्या ‘बिनघोर जा’ म्हणाला, त्या जोरावर. आणि तो बिनघोऱ्या नावेत बसला होता. म्हणजे मावशीच्या मानेखालचा हात त्याने तिला न सांगता काढून घेतला होता.

त्याला फार लाज वाटली. तो वळून वळून मागच्या काठाकडे बघू लागला. आपल्याला काय होतंय, हे त्याला आधी कळेचना, कारण ही वस्तू त्याच्या घरी यापूर्वी कधी आलीच नव्हती. तो घोर होता.

“नाव मागे घे,” तो नावाड्याला म्हणाला.

“मागे कशी घेऊ? आता पलीकडे लागेल, तेव्हाच वळेल.”

“मग मी हा चाललो,” म्हणत बिनघोऱ्याने डोळे मिटले, नाक दाबलं आणि देवाचं नाव घेऊन भर नदीत उडी टाकली.

पाणी गुडघाभर निघालं.

चैत्रातली नदी ती, आणि नाव काठापासून जेमतेम दोन वल्ही पुढे आलेली. नावाडी आणि ती बाई इतके हसले, की मूल जागं झालं आणि तेही हसायला लागलं. बिनघोऱ्या मात्र हसायला थांबला नाही. खड्यांचं गाठोडं एका हाताने धरून तो पाणी उडवत काठाला लागला आणि त्याने जी धूम ठोकली, ती थेट गोठ्यात.

ढवळी उभी होती. डोळे मोठे, अंग थरथरत होतं. ती बसली, लगेच उठली, भिंतीकडे वळली. बिनघोऱ्याला गायीगुरांतलं काही कळत नव्हतं, पण भीती कळायला काय लागतं? तोही घाबरला होता. त्याच्या जिभेवर आलं होतं, ‘त्यात काय एवढं?’ पण ढवळीच्या डोळ्यांत बघून ते बोलायचा त्याला धीर झाला नाही. तो हळूच जवळ गेला आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. डोक्यावर नाही, पाठीवर.

“मी आहे गं,” तो म्हणाला. “बस. मी कुठे जात नाही.”

ढवळी जरा वेळ तशीच उभी राहिली. मग मोठा श्वास टाकून खाली बसली. तोही बसला. कळ आली की ती उठायला बघायची आणि तो पाठ थोपटत बोलत राहायचा. बोलायला विषय संपले, तेव्हा त्याने तिला पापडांची गोष्ट सांगितली. ती संपल्यावर त्याने आरतीपासून पाळण्यापर्यंत येतील ती सगळी गाणी म्हटली. पलीकडे ढोल वाजत होते, पण आता ते त्याच्या पायांना ऐकू येत नव्हते. एकदा कोंबडी जोरात ओरडली. त्याला उठावंसं वाटलं, पण ढवळीने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि तो बसून राहिला. एका कमरेला एकच खडा का बांधतात, ते त्याला तिथे शेणात बसल्या बसल्या नीट समजलं.

दिवेलागणीच्या सुमाराला आधी दोन खूर दिसले, मग ओलं काळं नाक. ढवळीने एकदा जोर केला, आणि वासरू गवतावर आलं. पांढरंशुभ्र, कपाळावर तांबडा ठिपका. ढवळी त्याला चाटू लागली. वासरू उठलं आणि पडलं. पुन्हा उठलं, पुन्हा पडलं. मग चारही पाय चार दिशांना फाकवून उभं राहिलं आणि उठलेल्या आईला लुचू लागलं.

बिनघोऱ्या हसत होता आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ते पुसायलाही त्याचा हात मोकळा नव्हता. कारण दमलेल्या ढवळीने पुन्हा खाली बसून मान त्याच्या मांडीवर टाकली होती आणि ती झोपली होती. थोड्याच वेळात त्याच्या मांडीला मुंग्या आल्या, मग पाय बधीर झाला. तो हलला नाही.

सकाळी वाडी परत आली ती पिपाण्या वाजवत. थोरले आजोबा पाळण्यात तीनदा बसले होते आणि चौथ्यांदा बसायचं म्हणून रुसले होते. पण अंगणात पाय ठेवल्यावर सगळ्यांची तोंडं उतरली. पापडांचा चुरा, शेळ्यांनी खाल्लेला भोपळ्याचा वेल, उन्हात मान टाकलेली तुळस. बिनघोऱ्या लंगडत लंगडत बाहेर आला. त्याने उपरणं पारावर पसरलं आणि तो म्हणाला, “आपापले खडे घ्या. कोणता कोणाचा ते मला माहीत नाही. मी तेव्हा नीट ऐकलंच नव्हतं. काकू, तुमचे पापड गेले तेव्हा मी झोपलो होतो. आजोबा, तुमची दोन अंडी मांजराने नेली, तेव्हा मात्र मी जागा होतो, पण मला उठता आलं नाही.”

सुतारीणकाकू बोलणार होत्या, चांगलं तासभर बोलणार होत्या. पण त्याच्या तोंडावर त्यांना काहीतरी नवं दिसलं आणि त्या थांबल्या. थोरले आजोबा खाकरले. “चूक त्याच्या एकट्याची नाही,” ते म्हणाले. “बांधणाऱ्याने एक बांधायचा असतो, तसं देणाऱ्यानेही बघून द्यायचा असतो. पण आपल्याला तेव्हा पाळणा दिसत होता.”

ठकूमावशी मात्र अजून आली नव्हती. एरवी ती सगळ्यांच्या पुढे धावत आली असती. बिनघोऱ्या वाटेकडे डोळे लावून बसला. किती तरी वेळाने ती दिसली. रमतगमत येत होती. तोंड विड्याने लाल. वाटेत भेटेल त्याच्या हातावर बारशाच्या घुगऱ्या ठेवत होती. बिनघोऱ्यापाशी आली आणि त्याच्याही ओंजळीत तिने घुगऱ्या घातल्या. ढवळीचं नाव काढलं नाही.

“घे. नातीचं नाव गंगू ठेवलं,” ती म्हणाली. “आणि काय सांगू बाळा, काल मी झोपले. उशीला डोकं टेकलं ते सकाळीच उचललं. आयुष्यात अशी झोपले नव्हते. घोरत होते म्हणे. जावई दचकून उठला, त्याला वाटलं घरात म्हैस शिरली.”

सगळी वाडी हसली. बिनघोऱ्याला हसू येईना.

“मावशी, तुम्हाला घोर नाही लागला?”

“कसा लागेल? तू म्हणालास ना, बिनघोर जा म्हणून? चांगलं तीनदा म्हणालास.”

आता मात्र त्याला राहवेना. “मावशी, मी नावेत बसलो होतो. जत्रेला निघालो होतो. तुम्ही तिकडे विश्वासाने झोपणार, आणि मी…”

मावशीच्या हातातली घुगऱ्यांची पिशवी खाली गेली. ती गोठ्याकडे वळली. दारात पोहोचली आणि तिथेच मटकन बसली. आत ढवळी उभी होती आणि तिच्या पोटाखाली पांढरी कालवड शेपटी उडवत दूध पीत होती. तिचा जीव असा भांड्यात पडला, की तिला पुन्हा उठायला वेळ लागला.

“नावेत बसलास,” ती शेवटी म्हणाली, “आणि उतरलास ना? मग झालं तर.” तिने पदराने आधी आपले डोळे पुसले आणि मग त्याचे. “कुठाय माझा खडा?”

तो तांबडा खडा बिनघोऱ्याने पारावर पसरला नव्हता. कधी कोण जाणे, पण तो त्याने गाठोड्यातून शोधून काढून वेगळा बांधला होता. कमरेवर त्याचा लाल वळ उठला होता. त्याने तो मावशीच्या हातावर ठेवला.

“आता जा आणि झोप,” मावशी म्हणाली. “डोळे बघ कसे झालेत, तांबडेलाल.”

बिनघोऱ्या निघाला. दहा पावलं गेला आणि परत आला. “कालवडीला उजवीकडच्या आचळाचं दूध आधी आवडतं,” तो म्हणाला. पुन्हा गेला, पुन्हा परत आला. या वेळी त्याने वाकून अंगणातला एक खडा उचलला. चांगला टोकदार बघून उचलला आणि मावशीपुढे धरला. जन्मात पहिल्यांदा तो कोणाला खडा देत होता, त्यामुळे कसा द्यायचा हे त्याला नीट माहीत नव्हतं.

“मावशी, मी झोपतो तोवर कालवडीकडे बघाल?”

मावशीने खडा घेतला, ओच्याला बांधला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“बिनघोर झोप, रंगनाथ.”

आणि तो झोपला. आंब्याखाली, उघड्या जमिनीवर, तोंड उघडं आणि एक पाय हवेत. असा घोरला, असा घोरला, की कावळे पापडांचा चुरा टाकून उडाले. मावशीने ढवळीच्या चिकाचा खरवस शिजवला आणि वाडीभर वाटला. सुतारीणकाकूंनी दोन वड्या जास्त घेतल्या, पापडांची भरपाई म्हणून. आणि कालवडीचं नाव काय ठेवायचं यावर पारावर पुन्हा भांडण जुंपलं, तेव्हा थोरले आजोबा म्हणाले, “त्यात भांडता काय? खड्यापायी जगली आणि खरवस घेऊन आली. खडीसाखर म्हणा.” सगळ्यांना ते पटलं.

त्यानंतर रंगनाथच्या हातावर लोक खडे ठेवू लागले. एका वेळी एकच. तो खडा घ्यायचा, घोर नीट ऐकून घ्यायचा, एकदा पुन्हा विचारायचा आणि मगच म्हणायचा, “बिनघोर जा.” त्याच्या टोपल्यांना मात्र अजूनही कधी कधी बूड नसायचं. सगळंच एकदम कुठे सुधारतं?

तात्पर्य: ‘बिनघोर’ हा स्वतःच्या उशाला घेऊन झोपायचा शब्द नव्हे, तो दुसऱ्याला द्यायचा शब्द आहे. आणि मुलांनो, दिलात की त्याचा खडा आपल्या कमरेला बांधायला विसरू नका.